फेस बसला की

अर्धांगाच्या झटक्यानं अण्णांचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि जाता जाता तोंडातले सगळे शब्दही नेले. एकच शब्द तेवढा मागे राहिला, "बरंय."

भूक लागली का? बरंय. दुखतंय का? बरंय. खिडकी लावू? बरंय. समोरच्या घरातले गृहस्थ गेले हो अण्णा, असं सांगितलं तरी बरंय. भेटायला येणाऱ्यांची मोठी पंचाईत व्हायची. हसावं की गप्प बसावं ते त्यांना कळायचं नाही, मग ते ताईकडे बघायचे.

ताई म्हणजे अण्णांची थोरली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या नाकाकानांवर फ्रेम बसवून द्यायची. लग्न मोडून माहेरी आल्याला बरीच वर्षं झाली होती. जिभेनं तिखट, पण अण्णांच्या बाबतीत तिचा कान असा तयार होता की विचारू नका. शब्द एकच असला म्हणून काय झालं? हो म्हणताना अण्णा तो आखूड तोडायचे. नको असलं की 'रं'वर रेंगाळायचे. हार मानली की "बरंय बाबा, तुझंच खरं" यातला पुढचा भाग गिळून टाकल्यासारखा यायचा. कुणाची चेष्टा करायची असली की "बरंय की तुझं!" या चालीत यायचा. आणि एक निरोपाचा होता. काउंटरवरून उठून गिऱ्हाईक निघालं की अण्णा आयुष्यभर हात वर करून म्हणत आले होते, "बरंय मग." त्यातला 'मग' आता गेला होता, सूर तेवढा होता.

"हे कुठलं बरंय?" धाकटा विचारायचा. धाकटा बेकरीची गाडी चालवायचा, पहाटेच बाहेर पडायचा, दुपारी येऊन अण्णांपाशी बसायचा. त्याला त्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही.

"नकोचं," ताई त्याचा प्रश्न पुरा होण्याआधी सांगायची. "उशी खुपतेय त्यांना. काढ ती, बघत काय बसलास?"

उशी काढली की अण्णा खुशाल डोळे मिटायचे. धाकटा कपाळावर हात मारायचा. या कौशल्याचा ताईला अभिमान होता, आणि तो तिनं लपवलाही नव्हता.

बस डेपोच्या भिंतीला लागून अण्णांचं कॉफीचं काउंटर होतं. बसायला चार उंच स्टुलं, मागे वाफेचं मशीन, आणि मशीनमागे अण्णा. कॉफी काय, कुणीही करतो. लोक यायचे ते अण्णांच्या दुधाच्या फेसासाठी. वाफेची नळी दुधात बुडवून ते कान लावून उभे राहायचे. दूध बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. आणि एखादं गिऱ्हाईक कप पुढ्यात ठेवून गप्पा हाणत बसलं की काउंटरमागून आवाज यायचाच, "अहो साहेब, घ्या लवकर! फेस बसला की नुसतं दूध उरतं हो!" ताई आणि धाकटा लहानपणी शाळेतून आल्यावर त्या स्टुलांवर बसून हे वाक्य इतक्यांदा ऐकायचे, की घरी खेळतानासुद्धा ते एकमेकांवर ओरडायचे. पुढे अण्णांचे गुडघे गेले, काउंटर दुसऱ्या कुणी घेतलं, आई वारली, आणि मग हा झटका.

झटक्यानंतर घरी एक बाई यायला लागल्या. गिळायचं कसं ते शिकवणं हे त्यांचं काम. त्या हॉस्पिटलकडून यायच्या. धाकट्यानं त्यांचं नाव ठेवलं घोटबाई, आणि तेच पडलं. घोटबाई मान जरा वाकडी करून बोलायच्या, पण बोलणं स्वच्छ.

"यांना पातळ काही द्यायचं नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी अण्णांसमोरच सांगितलं होतं. "पाणी नाही, दूध नाही, कॉफी नाही. घशात एक झाकण असतं, ते यांचं वेळेवर लागत नाही. पातळ वस्तू पळते आणि थेट छातीत उतरते. घट्ट असली की सावकाश जाते, तेवढ्यात झाकण लागतं. ही पूड घ्या. पाण्यात, दुधात, कशातही घाला, घट्ट होतं."

"किती घट्ट?" ताईनं विचारलं.

"चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. धार लागली तर द्यायचं नाही. चमच्यावर थांबलं तर द्या. आणि घास गेल्यावर यांना बोलायला लावत जा. आवाज ओला आला, गुळणी धरून बोलल्यासारखा, तर मला लगेच फोन."

"आवाजाचं माझ्याकडे सोडा," ताई म्हणाली. "तो मला कळतो."

पूड घातलेल्या दुधाचं काय व्हायचं? खळ व्हायची. पुस्तकांना कव्हरं चिकटवायची खळ असते ना, तशी. चकाकणारी, थुलथुलीत. ताईनं स्वतः एक चमचा चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं. अण्णांनी तर दातच आवळले. ज्या माणसानं आयुष्यभर दुधाला रेशमासारखं करून लोकांना पाजलं, त्याच्या तोंडाला ही चिकटपट्टी! चमचा ओठांना लागला की 'रं'वर रेंगाळणारं बरंय, दुसऱ्यांदा नेला की मान फिरवायची, तिसऱ्यांदा नेला की डोळ्यांत पाणी. ताई ओरडायची, मग ओरडल्याचं वाईट वाटून बाथरूममध्ये जाऊन रडायची.

अण्णा वाळत चालले. गालाची हाडं वर आली, अंगठी बोटातून गळून पडायला लागली. घोटबाईंनी त्यांना खुर्चीसकट वजनकाट्यावर घेतलं आणि मान वाकडी केली.

"असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, ताई. पोटात काही गेलंच पाहिजे."

नळीचं नाव काढलं तशी ताईनं अण्णांचा डावा हात धरला. अण्णांच्या बहिणीला, म्हणजे आत्याला, अशीच नळी घातली होती. ती उपसून टाकायची म्हणून तिचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. अण्णा रोज जाऊन तिच्या बांधलेल्या हातावर हात ठेवून बसायचे. ती गेली त्या दिवशी घरी येऊन त्यांनी ताईला समोर बसवलं होतं. "हे बघ, मला असलं काही लावायचं नाही. शब्द दे." ताईनं दिला होता. धडधाकट माणसाला शब्द द्यायला काय जातं?

आता तो शब्द पाळायचा तर अण्णांनी खायला हवं होतं. बस्स, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

एके दिवशी सकाळी ताई स्वतःसाठी कॉफी करत होती. काउंटर सोडताना अण्णांनी घरी एक भांडं आणून ठेवलं होतं. काचेचं उंच भांडं, त्याच्या झाकणातून आरपार जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. कोमट दूध ओतायचं, दांडा वरखाली हाणायचा, मशीनशिवाय फेस. ताईनं घाईघाईत दांडा मारला आणि स्वयंपाकघराच्या दारातून, चाकाच्या खुर्चीतून, बरंय आलं. कडक. मास्तरांनी पाटीवर छडी मारावी तसं.

ताई वळली. अण्णा भांड्याकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं त्यांनी फुगवून दाखवली आणि चेहरा असा केला, जणू नासकं काही समोर आलंय.

"बुडबुडे मोठे झाले?" ताईनं विचारलं.

"बरंय." आखूड. हो.

"मग तुम्ही या आणि करा!"

"बरंय." हे 'बरंय की तुझं'च्या चालीतलं. ताईला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं ते तिचं तिलाही आठवेना.

तिनं त्यांची खुर्ची ओट्याला लावली आणि मग बापलेकीची शाळा भरली. शब्द एकच. दूध तापायला ठेवलं. अण्णांनी तिचा तळवा धरून भांड्याच्या बुडाला लावला, आणि चटका बसायच्या जरा आधी बरंय म्हणून तो ओढून काढला. तेवढंच तापवायचं, उकळायचं नाही. तिनं दांडा हातात घेतला तर त्यांनी तो वर उचलायला लावला. आधी जाळी दुधाच्या वरच्या थरालगत, लहान लहान झटके, फुसफुस आवाज येईल असे. मग खाली, खोल, सावकाश, आवाज न करता. मधेच तिचा हात भरून आला तर रेंगाळलेलं बरंय, थांबू नकोस. शेवटी त्यांनी ओट्यावर बोटं आपटून दाखवली. तिनं भांडं आपटलं, मोठे बुडबुडे फुटले, आणि वर राहिला तो पांढराशुभ्र, गुळगुळीत, नुकत्याच दिलेल्या रंगासारखा चकचकीत फेस.

अण्णांनी डोळे मिटले. "बरंय," ते म्हणाले. असं बरंय झटक्यानंतर ताईनं ऐकलं नव्हतं.

आणि तिला एकदम ते सुचलं. तिनं चमचाभर फेस घेतला, त्यावर कडक कॉफीचे थेंब टाकले, चमचा तिरका केला. फेस हलला नाही. आणखी तिरका केला. नाही हलला. पार उलटा केला तरी फेस बहाद्दर चमच्याला धरून! खळ तरी निथळायची, हा तर जागचा हलत नव्हता. ताईला कोण आनंद झाला! तिनं चमचा अण्णांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी तोंड उघडलं. आपणहून.

खोकला आला नाही. ताई श्वास रोखून बघत राहिली. "बोला अण्णा." बरंय. आवाज स्वच्छ. दुसरा चमचा. बरंय. तिसरा. ताईनं पदरानं डोळे पुसले आणि मग लगेच सौदा मांडला. एक चमचा खळीचा खाल्ला तर एक फेसाचा. अण्णांनी कपाळाला आठी घातली, पण खाल्लं.

त्या दिवसापासून घराचा रंगच पालटला. सकाळ-संध्याकाळ दांड्याचा आवाज यायचा. धाकटा दारातूनच ओरडायचा, "फेस बसला की नुसतं दूध उरतं हो!" आणि अण्णांच्या ओठाचं डावं टोक वर जायचं. ताई दुकानात फ्रेमा वाकवताना गुणगुणायची. गिऱ्हाइकांनाही ती आता कमी फटकारायची.

घोटबाई आल्या, अण्णांना काट्यावर घेतलं, काटा वर सरकलेला बघून खूश झाल्या.

"काय जादू केलीत?"

"दूध घेतायत आता," ताई म्हणाली. "घट्ट करून देते."

"चमच्यावर थांबतं ना?"

"थांबतं म्हणजे? उलटा केला तरी पडत नाही!"

"छान. मग नळीचं सध्या राहू दे."

फेस हा शब्द ताईच्या जिभेवर आला होता. खोटं कशाला सांगा, आला होता. पण बाई नाही म्हणाल्या तर? त्यांच्या त्या पुडीचंच कौतुक असणार त्यांना. ताईनं शब्द गिळला. आपण लपवतोय असं तिला वाटलं नाही, घट्टच तर आहे, असं वाटलं. त्या दोघी एकाच वस्तूबद्दल बोलत नव्हत्या आणि ते दोघींनाही कळलं नाही. खुर्चीतून अण्णा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

मग अण्णांना दुपारी झोप जास्त लागायला लागली. अंग जरा कोमट लागायचं. हवा बदललीय, ताई म्हणाली. फेसानंतरचं बरंय जरासं जड यायला लागलं, साय खाल्ल्यावर येतं तसं. दूधच खाल्लंय, येणारच, ताई म्हणाली. खोकला तर नव्हता! खोकला येईल म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि खोकला काही आला नाही.

पुढच्या खेपेला घोटबाई आल्या तेव्हा ताई फेस करून चमचा भरत होती. बाई दारातच थबकल्या. अण्णांचा श्वास भरभर चालला होता. बाईंनी पर्सही खांद्यावरून न काढता त्यांच्या पाठीला कान लावला, कपाळाला हात लावला.

"आजोबा, काहीतरी बोला."

"बरंय."

"आवाज ओला आहे," घोटबाई म्हणाल्या. "कधीपासून? काय देताय यांना?"

"हे," ताईनं चमचा पुढे केला. तो तिनं उलटा करून दाखवला. "बघा. थांबतं."

घोटबाई पुढे झाल्या. त्यांनी ताईच्या हातातला चमचा घेतला आणि तिच्याच तोंडाशी नेला. "तोंडात घ्या. गिळू नका. जीभ हलवू नका. नुसतं धरून ठेवा."

ताईनं तोंड उघडलं. फेस जिभेवर आला, हलका, गोड, उबदार. मग तो बारीक चुरचुरला. कडेनं सुटला. जिभेखाली काही ओलं जमलं, गालाशी आलं, मागे घशाकडे घरंगळायला लागलं. पाणी. पाण्यासारखं पातळ दूध, आणि ते थांबत नव्हतं. ताईचा घसा आपोआप गिळायला निघाला आणि तिनं तो आवळून धरला. तिला ते गिळवेना. ती धावत मोरीशी गेली आणि थुंकली.

"खोकला नाही आला हो," ती मोरीवर वाकूनच म्हणाली. "एकदाही नाही आला."

"काही जणांना येत नाही," घोटबाई फोन लावत म्हणाल्या. "गुपचूप जातं."

हॉस्पिटलात अण्णांना खिडकीजवळची खाट मिळाली. दोन्ही बाजूंच्या फुफ्फुसांत पाणी आणि ताप, असं डॉक्टरीण म्हणाली. सुईतून औषध चालू केलं, नाकाशी ऑक्सिजन लावला. तोंडानं आता काही म्हणजे काही नाही. नळी घालावी लागेल, घरच्यांनी ठरवा. ती तरुण होती, वाईट बोलली नाही. तिनं ताईच्या दंडाला हात लावला, तेच ताईला सोसलं नाही.

धाकटा डॉक्टरणीशी बोलायला बाहेर गेला. ताई खाटेशी बसली. अण्णांचा डावा हात चादरीवर मोकळा पडला होता. अजून बांधलेला नव्हता. शेजारच्या खाटेवरचा माणूस भेटायला आलेल्या बायकोवर कशावरून तरी खेकसत होता, चहा निवला म्हणून बहुतेक. आणि ते ऐकता ऐकता ताईला काउंटरमागचा आवाज आठवला. घ्या लवकर. फेस बसला की नुसतं दूध उरतं.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य! तोंडपाठ वाक्य! आपण दोघं ते हसत हसत ओरडत होतो आणि तिकडे चमचे भरत होतो. मूर्ख, ती स्वतःला म्हणाली, अगं मूर्ख बाई.

आणि त्यामागोमाग दुसरं आलं. हे वाक्य मुळात कुणाचं? फेस म्हणजे काय, तो किती टिकतो, तोंडात त्याचं काय होतं, हे या साऱ्या जगात कुणाला पक्कं ठाऊक होतं? घोटबाईंनी झाकणाचं, पातळाचं, छातीत उतरण्याचं सगळं सांगितलं ते कुणाच्या समोर सांगितलं? अण्णांचे शब्द गेले होते, समज नव्हती गेली. त्यांनी तोंड उघडलं होतं. आपणहून उघडलं होतं.

ताई वाकली, अगदी त्यांच्या कानाशी.

"अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं ना? फेसाचं तुम्हाला ठाऊक होतं. नळी नको म्हणून खात होतात ना? की माझ्यावर विसंबून खात होतात? सांगा अण्णा. एवढं एक सांगा मला."

अण्णांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, नीट, ओळखीनं. डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला, की नुसता हलला, देव जाणे. छातीत काहीतरी खळखळलं आणि त्या खळखळीतून शब्द आला.

"बरंय."

तो शब्द तिनं मनात परत वाजवला, पुन्हा वाजवला. आखूड होता? 'रं'वर रेंगाळला होता? आवाज इतका ओला होता की त्याला कडाच उरल्या नव्हत्या. "परत म्हणा," ती म्हणाली. "अण्णा, पुन्हा एकदा म्हणा ना." अण्णांनी डोळे मिटले होते.

धाकटा आत आला. "उद्या सकाळी घालू म्हणतायत नळी. काय म्हणाले का अण्णा?"

"बरंय म्हणाले."

"कुठलं?"

ताईनं अण्णांची चादर सारखी केली. धाकट्याला वाटलं, ती रडू आवरत असेल.

नळी घालायची वेळ आली नाही. सकाळी नर्स नळीचं सामान ट्रेमध्ये घेऊन आली तेव्हा अण्णा गेलेले होते.

सगळं उरकून माणसं पांगली. धाकटा अण्णांच्या रिकाम्या चाकाच्या खुर्चीशी जमिनीवरच बसून राहिला होता. त्यानं मान न उचलता विचारलं, "ताई, ते शेवटचं कुठलं होतं ग?"

त्याचा चेहरा बघून ताईला राहवलं नाही.

"निरोपाचं," ती म्हणाली. "काउंटरवरचं. 'बरंय मग' असतं ना, ते."

धाकट्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलं. तो तोंड धुवायला गेला आणि मग आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

ताई स्वयंपाकघरात आली. जाळीचा दांडा असलेलं ते भांडं मोरीत तसंच पडलं होतं, तळाला दूध वाळून चिकटलेलं. तिनं दुसऱ्या पातेल्यातलं थोडं दूध पेल्यात ओतलं. एक घोट घेतला, गिळला नाही, मान मागे टाकून तो घशाशी धरला आणि म्हणाली, बरंय. होचं. मग नकोचं म्हणून बघितलं. मग निरोपाचं म्हणून बघितलं. तिला ठसका लागला, दूध नाकात गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं नाक पुसलं, पुन्हा घोट घेतला आणि पुन्हा तिन्ही म्हणून बघितली, कान देऊन, सावकाश. तिन्ही सारखीच येत होती.